राष्ट्रगीतांत रण गावें कीं नदी?

सह्याद्रींतून उतरून बांद्यावरून वाहत येणारी तेरेखोल नदी आरोंद्यापाशीं पोंचते, तेव्हां ती नदी राहिलेली नसते. तिची खाडी झालेली असते. भरतीच्या वेळीं समुद्राचें पाणी कांदळाच्या मुळांवर चढतें आणि ओहोटी लागली म्हणजे तोच कांठ काळ्या चिखलाचा होऊन बगळ्यांच्या स्वाधीन होतो. अलीकडे सातेरी-भद्रकालीचें देऊळ, माडांच्या बागा, त्यांच्यामागें भातशेतें आणि जांभ्या दगडाचे सडे. पलीकडे पेडणें महाल, आणि तेथेंहि तेच माड, तींच भातशेतें आणि तेच सडे. कोणी परका मनुष्य ह्या कांठावर आणून उभा केला आणि ह्या दोन तीरांमध्यें भेद काय तो सांग असें त्यास म्हटलें, तर तो बिचारा झाडांकडे पाहून कांहींच सांगूं शकणार नाहीं.

तरीहि ह्या नदीच्या दोन तीरांवर पाऊणे दोनशें वर्षें दोन निराळीं राज्यें होतीं. तेरेखोलचा किल्ला मूळचा वाडीकर सावंतांचा. तो १७४६ सालीं पोर्तुगीजांनीं घेतला. पुढें १७८८ सालीं सावंतांनीं कोल्हापूरकरांविरुद्ध मिळावयाच्या मदतीच्या मोबदल्यांत पेडणें महालहि त्यांस देऊन टाकला, आणि त्या दिवसापासून ही खाडी सीमा झाली. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला तेव्हां कोठें ती पुन्हां खाडी झाली. मध्यंतरीच्या काळांत ज्या गोष्टी दोन्ही तीरांवर वेगळ्या झाल्या, त्यांत एक राष्ट्रगीत ही होती. उत्तर तीरावरील आरोंदा सावंतवाडी संस्थानांत असल्यामुळें तेथें सार्वभौम सत्तेचें गीत म्हणजे इंग्लंडच्या राजाचें गीत. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि १९५० पासून तेथें रवींद्रनाथांचें गीत राष्ट्रगीत म्हणून आलें. दक्षिण तीरावर १९११ पासून पोर्तुगीज प्रजासत्ताकाचें राष्ट्रगीत होतें. तें रणाचें गीत आहे. रवींद्रनाथांचें गीत प्रांतांचें, पर्वतांचें आणि नद्यांचें आहे. १९५० ते १९६१ हीं अकरा वर्षें एकाच पाण्याच्या दोन कांठांवर हीं दोन गीतें समोरासमोर उभीं होतीं.

राष्ट्रगीतानें युद्धाचा गौरव करावा कीं देशाच्या निसर्गसौंदर्याचा, हा प्रश्न सध्यां पुष्कळ देशांत विचारला जातो. अमेरिकेंत तर तो जुना आहे. तेथील राष्ट्रगीत १८१४ सालीं बाल्टिमोरच्या किल्ल्यावरील तोफांच्या माऱ्यांतून जन्मलें आणि १९३१ सालीं कायद्यानें मान्य झालें. आणि त्याच्याऐवजीं आपल्या मैदानांचें व डोंगरांचें वर्णन करणारें कॅथरिन ली बेट्स ह्या बाईंचें गीत असावें असें म्हणणारे लोक तेथें सतत निघत आले आहेत. परंतु हा वाद पुस्तकांत वाचण्यापेक्षां आरोंद्याच्या कांठावर उभें राहून करणें आम्हांस अधिक फलदायी वाटतें. कारण येथें दोन्ही तऱ्हेच्या गीतांची परीक्षा इतिहासानें प्रत्यक्ष घेतलेली आहे.

प्रथम दक्षिण तीरावरील गीत पाहूं. तें १८९० सालीं लिस्बन शहरांत रचलें गेलें. त्याचे शब्द लोपिश द मेंदोंसा ह्या आरमारी अधिकाऱ्याचे आणि संगीत आल्फ्रेद काइल ह्याचें. त्यास कारण झालें तें इंग्रजांचें एक निर्वाणीचें पत्र. आफ्रिकेंत अंगोला व मोझांबिक ह्या आपल्या दोन वसाहतींच्या मधला मुलूखहि आपलाच असावा अशी पोर्तुगालची आकांक्षा होती. इंग्रजांस तो मुलूख स्वतःस पाहिजे होता. १८९० च्या जानेवारींत त्यांनीं पोर्तुगालला तेथून सैन्य मागें घेण्याचें फर्मावलें, आणि दुर्बळ पोर्तुगीज सरकारनें मुकाट्यानें तें मानलें. त्या मानभंगानें सारें लिस्बन पेटलें आणि त्या आगींतून हें गीत निघालें. शस्त्रें उचला, समुद्रावर आणि जमिनीवर उचला, असा त्याचा घोष आहे. आणि मूळ शब्दांत ज्यांच्यावर चाल करून जावयाचें ते ब्रिटन लोक होते. राजानें नमतें घेतलें म्हणून तें गीत साहजिकच राजाविरुद्ध असलेल्या प्रजासत्ताकवाद्यांचें झालें. १९१० सालीं राजसत्ता गेली आणि पुढच्याच वर्षीं तें राष्ट्राचें गीत ठरलें. परंतु राष्ट्राचें गीत झाल्यावर एक अडचण उभी राहिली. इंग्लंड हा पोर्तुगालचा शतकानुशतकांचा मित्र. त्याच्यावर चाल करून जाण्याचा निश्चय सरकारी समारंभांत रोज कसा म्हणावा? तेव्हां ब्रिटनांच्या जागीं तोफा हा शब्द आला. पोर्तुगीज भाषेंत हे दोन शब्द यमकांत बसणारे असल्यामुळें चाल बिघडली नाहीं, एवढेंच काय तें सुदैव!

आतां ह्याच काळांत आपल्या नदीवर काय चाललें होतें तें पाहण्यासारखें आहे. १८७८ च्या डिसेंबरांत इंग्रज व पोर्तुगीज ह्यांच्यांत हिंदुस्थानांतील मुलखांपुरता एक करार झाला होता. त्यानें दोघांच्या जकातीची एकच व्यवस्था झाली, सीमेवरील जकातीचा अडसर दूर झाला, मुरगांवच्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला आणि गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हातीं गेला. हा करार १८८० पासून १८९२ पर्यंत अमलांत होता. म्हणजे लिस्बनच्या रस्त्यांत इंग्रजांवर चाल करून जाण्याचें गीत घुमत होतें, त्याच वेळीं त्या दोन सत्तांच्या मुलखांमधील माल येथें बिनजकातीचा इकडून तिकडे जात होता. मिठागरवाल्यांना ह्या कराराची झळ लागली होती हें खरें. पण ती झळ आणि लिस्बनमधील संताप ह्यांचा एकमेकांशीं कांहींहि संबंध नव्हता. पेडण्याच्या शेतकऱ्याला अंगोला कोठें आहे हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तरीहि पुढें जें गीत त्याचें म्हणून ठरविण्यांत आलें, तें त्यानें कधीं न पाहिलेल्या भूमीविषयीं, त्यानें कधीं न केलेल्या भांडणांतून निघालेलें होतें.

येथें युद्धगीताचा पहिला दोष स्पष्ट होतो. युद्धाला शत्रु लागतो आणि शत्रु बदलतो. ज्या दिवशीं शत्रु मित्र होतो, त्या दिवशीं गीत तरी खोटें पडतें किंवा त्यांतील शब्द तरी बदलावे लागतात. फ्रान्सचें जगप्रसिद्ध गीत पाहा. १७९२ च्या एप्रिलांत स्ट्रासबुर्ग येथें रूझे द लील ह्या अधिकाऱ्यानें तें एका रात्रींत रचलें, ऱ्हाईन नदीवरील सैन्यासाठीं. त्याच्या आवेशाला तोड नाहीं हें कोणीहि कबूल करील. पण ज्यानें तें रचलें त्यालाच दुसऱ्या वर्षीं क्रांतिकारकांच्या तुरुंगांत जावें लागलें, आणि ज्या शेजाऱ्यांविरुद्ध तें रचलें गेलें ते आज फ्रान्सचे मित्र आहेत.

दुसरा दोष ह्याहून गंभीर आहे, आणि तो गोव्याच्या इतिहासाच्या शेवटच्या दिवसांत दिसून आला. १९६१ च्या डिसेंबरांत भारतीय सैन्य सीमेवर येऊन ठेपलें, तेव्हां पोर्तुगालचे सर्वाधिकारी सालाझार ह्यांनीं गव्हर्नर जनरल वासालु ई सिल्व्ह ह्यांस आज्ञा पाठविली. तह नाहीं, शरणागति नाहीं; पोर्तुगीज शिपाई आणि खलाशी विजयी तरी असावे किंवा मेलेले तरी असावे, असा तिचा आशय होता. ह्या आज्ञेंत आणि त्यांच्या राष्ट्रगीतांत तत्त्वतः कांहींच अंतर नाहीं. गीतांत जें तोफांसमोर जाण्याचें सांगितलें आहे, तेंच तारेंत शब्दशः मागितलें होतें. गव्हर्नरापाशीं सैन्य थोडें, शस्त्रें जुनीं आणि मदत हजारों कोसांवर. मुरगांवच्या बंदरांत एका पोर्तुगीज युद्धनौकेनें झुंज दिली, दोन्ही बाजूंचीं कांहीं माणसें पडलीं. पण गोव्यांतील घरांचा आणि लोकांचा होम करण्यास गव्हर्नर तयार झाले नाहींत, आणि १९ डिसेंबरच्या संध्याकाळीं त्यांनीं शरणागतीवर सही केली. ह्या अवज्ञेबद्दल त्यांना पुढें सैन्यांतून काढून टाकण्यांत आलें, आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा मान त्यांस परत मिळाला. पोर्तुगीज राज्याविषयीं ह्या बाजूच्या माणसाला ममत्व वाटण्याचें कारण नाहीं. तथापि त्या दिवशीं त्या मनुष्यानें गीताची आज्ञा मोडली म्हणून पणजीचीं घरें उभीं राहिलीं, हें न्यायानें म्हटलें पाहिजे. जें गीत पाळलें असतां अनर्थ आणि मोडलें असतां कल्याण, तें मुलांकडून रोज सकाळीं म्हणवून घ्यावें काय?

आतां उत्तर तीराकडे वळूं. आपल्या देशालाहि ही निवड करावी लागली, आणि ती सहजासहजीं झाली नाहीं. बंकिमचंद्रांचें 'वंदे मातरम्' हें 'आनंदमठ' कादंबरींत १८८२ सालीं लोकांपुढें आलें. त्या कादंबरींतील संन्यासी लढवय्ये आहेत, आणि गीताच्या तिसऱ्या कडव्यांत कोट्यवधि हातांतील तरवारी आहेत. परंतु पहिलीं दोन कडवीं पाण्याचीं, पिकाचीं, वाऱ्याचीं, चांदण्याचीं आहेत. महाराष्ट्रानें हें गीत किती जिव्हाळ्यानें आपलेंसें केलें तें सांगण्यास दोन नांवें पुरेत. १९२३ सालीं काकिनाड्याच्या काँग्रेसमध्यें पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हें गीत गाऊं लागले तेव्हां अध्यक्षांनीं हरकत घेतली, आणि तरीहि पंडितजींनीं तें पुरें केलें. पुढें मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनीं हें गीत राष्ट्रगीत व्हावें म्हणून स्वतःचा वेळ आणि पैसा खर्चून वर्षानुवर्षें खटपट केली. समूहाला गातां यावें आणि वाद्यवृंदाला वाजवितां यावें अशी चाल त्यांनीं झिंझोटी रागांत बांधली आणि दिल्लीस जाऊन घटनासमितीच्या सभासदांपुढें तिचें प्रात्यक्षिक केलें. अशा माणसाची खटपट फळास आली नाहीं ह्याचें ज्याला वाईट वाटत नाहीं, तो मराठी मनुष्यच नव्हे.

परंतु निर्णय कसा झाला हें पाहण्यासारखें आहे. १९३७ च्या ऑक्टोबरांत काँग्रेसच्या कार्यकारिणीनें ठरविलें कीं, सभांतून ह्या गीताचीं पहिलीं दोन कडवींच म्हणावीं. पुढील कडव्यांतील देवीरूपाच्या वर्णनाबद्दल मुसलमान सभासदांची असलेली हरकत हें त्याचें प्रमुख कारण होतें. पण परिणाम मात्र असा झाला कीं, देवीबरोबर तरवारीहि मागें राहिल्या आणि पुढें उरलें तें निव्वळ पाणी आणि पीक. तेंच पुढें सर्वांच्या तोंडीं बसलें. १९४८ च्या ऑगस्टांत पंडित नेहरूंनीं घटनासमितींत निवेदन केलें, त्यांत 'जन गण मन'च्या बाजूनें मुख्य मुद्दा सुराचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या सभेच्या वेळीं १९४७ सालीं न्यूयॉर्कमध्यें तें वाद्यवृंदानें वाजविलें आणि परदेशच्या लोकांना तें आवडलें. राष्ट्रगीत परदेशांत बहुधा शब्दांवांचूनच ऐकलें जातें, म्हणून त्याची चाल वाद्यांना झेपली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. शेवटीं २४ जानेवारी १९५० रोजीं डॉ. राजेंद्रप्रसादांनीं जाहीर केलें कीं, 'जन गण मन' हें राष्ट्रगीत आणि 'वंदे मातरम्' ह्यास त्याच्याबरोबरीचा मान. १९११ च्या डिसेंबरांत कलकत्त्याच्या काँग्रेसमध्यें प्रथम गाइलेल्या त्या गीताच्या पहिल्या कडव्यांत एकहि शस्त्र नाहीं. त्यांत जयजयकार आहे, पण तो कोणाला जिंकल्याचा नव्हे.

कोणी म्हणेल कीं, असल्या गीतांनीं राष्ट्र मऊ होतें. नद्यांचीं आणि डोंगरांचीं वर्णनें म्हणत बसणारा समाज संकटाच्या वेळीं उभा राहणार नाहीं. हा आक्षेप वजनदार आहे, पण इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. १९४३ सालीं नेताजी सुभाषचंद्रांनीं आझाद हिंद सरकार स्थापन केलें, तेव्हां प्रत्यक्ष रणावर निघालेल्या त्या सेनेनें राष्ट्रगीत म्हणून कोणतें गीत घेतलें? 'जन गण मन'च्याच आधारानें हिंदुस्थानींत रचलेलें, त्याच प्रांतांचें आणि त्याच नद्यांचें गीत! बांगलादेशाचें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. १९०५ सालच्या फाळणीच्या वेळीं रवींद्रनाथांनीं रचलेलें 'आमार शोनार बांगला' हें आंबराया, भातशेतें आणि नदीकांठ ह्यांचें गीत. त्याइतकें मृदु राष्ट्रगीत जगांत क्वचितच असेल. पण १९७१ सालीं तें ओठांवर घेऊन त्या देशाचे लोक लढले आणि स्वतंत्र झाले. ज्याला लढावयाचें असतें त्याला गीतांत लढाई लागत नाहीं; कशासाठीं लढावयाचें तें त्याला गीतांत लागतें.

आपल्या कोंकणच्या ह्याच टोकाला तीच गोष्ट घडली. आरोंद्याजवळच्या शिरोड्यास १९३० च्या मे महिन्यांत मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्राचें पाणी आणि ऊन ह्यांनीं घडलेला एक पांढरा खडा लोकांनीं उचलला, आणि त्यासाठीं लाठ्या खाल्ल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं शेंकडों सत्याग्रही निःशस्त्र गोव्याच्या सीमेंत शिरले; गोळीबार झाला, अनेक जण तेथेंच पडले, आणि बांद्यापलीकडे पत्रादेवीस त्यांचें स्मारक आज उभें आहे. त्यानंतर भारत सरकारनें सीमा बंद केली आणि सोयरीकसंबंधानें शतकानुशतकें बांधलेलीं दोन्ही तीरांवरचीं माणसें एकमेकांस दुरावलीं. गोव्याच्या मुक्तिलढ्यांत भाग घेतलेले कवि बा. भ. बोरकर ह्यांनीं आपल्या भूमीचें जें गीत लिहिलें, तेंहि माडांचें, फणसांचें आणि फुलांचेंच आहे. त्या लढ्यांत धैर्य कमी होतें असें कोण म्हणेल?

तरीहि एक प्रश्न उरतो, आणि मराठी मनुष्याला तो टाळतां येणार नाहीं. आमच्या वाङ्मयाचा मोठा अभिमान म्हणजे पोवाडा. अज्ञानदासानें अफझलखानाच्या वधाचा पोवाडा गाइला तेव्हांपासून डफ आणि तुणतुणें ह्यांच्या साथीवर ह्या समाजानें आपला इतिहास जिवंत ठेवला आहे. आक्वर्थ आणि शाळिग्राम ह्यांनीं १८९१ सालीं तें धन गोळा करून छापलें नसतें, तर त्यांतील किती तरी भाग आज नाहींसा झाला असता. मग युद्धाचें गीत नको म्हणणें म्हणजे पोवाडा नको म्हणणें नव्हे काय?

नव्हे, कारण पोवाडा आणि राष्ट्रगीत ह्यांच्या धर्मांतच भेद आहे. पोवाड्यांत गाणारा एक, झीलकरी दोघे-चौघे आणि ऐकणारे हजार. शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो. मी हें केलें असें तो म्हणत नाहीं. त्यांत तिथि असते, स्थळ असतें, नांव असतें, आणि ऐकणारा म्हणतो, धन्य तो पुरुष! राष्ट्रगीताला श्रोता नसतो. सारे उभे राहून गातात, आणि जें गातात तें स्वतःविषयीं गातात. म्हणून आमच्या मतें राष्ट्रगीताची कसोटी एकच आहे: त्यांतील प्रत्येक वाक्य तें म्हणणाऱ्याच्या तोंडीं खरें असलें पाहिजे. सात वर्षांचें मूल, तर वल्हवणारा म्हातारा, शेतांत लावणी करून आलेली बाई, ह्यांच्यापैकीं कोणीहि तोफेवर चाल करून जात नाहीं. त्यांच्याकडून तसें म्हणवून घेणें म्हणजे त्यांस खोटें बोलावयास शिकविणें होय. शिपायाच्या तोंडीं तेंच वाक्य खरें असतें. त्याचीं संचलनगीतें त्यास लखलाभ असोत. परंतु ही नदी माझी आहे, हें वाक्य मुलाच्या, म्हाताऱ्याच्या, बाईच्या आणि शिपायाच्याहि तोंडीं सारखेंच खरें आहे.

आतां दुसऱ्या बाजूनें येणारी शंकाहि पाहिली पाहिजे. निसर्ग तरी इतका निष्पाप आहे काय? नदी माझी असें म्हणतांना ती पलीकडच्याची नाहीं असें मनांत आलें, तर त्या गीतांतहि तरवार लपली आहेच. 'जन गण मन'मध्यें सिंधचें नांव आहे. १९४७ सालीं सिंध पाकिस्तानांत गेला. तें नांव काढून टाकावें अशी मागणी झाली आणि २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती फेटाळली. हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. राष्ट्रगीत हें कांहीं सरकारी नकाशाचें वर्णनपत्र नव्हे, आणि सिंधचें नांव घेणें म्हणजे सिंधवर हक्क सांगणेंहि नव्हे. जेथें आपली माणसें पिढ्यान् पिढ्या राहिलीं त्या भूमीची ती आठवण आहे. तथापि निसर्गाचें गीत गाणाऱ्यानें हें विसरूं नये कीं, पर्वत आणि नद्या कोणत्याहि सीमेपूर्वींच्या आहेत. तेरेखोल नदीचें गीत रचावयाचें ठरलें तर तें आरोंद्याच्या बाजूनें रचावें कीं पेडण्याच्या? तें खरें असेल तर दोन्ही कांठांवर तेंच गीत होईल.

ह्या बाबतींत डेन्मार्कची तोड आम्हांस फार शहाणपणाची वाटते. त्या देशाला मान्य राष्ट्रगीतें दोन. एकांत त्यांचा जुना राजा क्रिस्तियन धुराच्या लोटांत डोलकाठीपाशीं उभा राहून लढत आहे. तें राजघराण्याचें म्हणून राखून ठेवलें आहे. दुसरें ओलेनश्लेगर ह्या कवीनें १८१९ सालीं लिहिलेलें, समुद्रकांठच्या वृक्षांचें. तें प्रजेच्या तोंडीं आहे. विशेष हा कीं, ह्या दुसऱ्या गीतांतहि जुने वीर आहेत, परंतु ते लढत नाहींत. लढून थकलेले ते वीर त्या भूमींत विसांवा घेत आहेत. आम्हांस वाटतें, राष्ट्रगीतांत युद्धाला जर जागा असेल तर ती हीच. पूर्वजांचें रक्त ज्या मातींत मुरलें ती माती आपण गावी. रक्त वेगळें काढून गाऊं नये.

आपल्या महाराष्ट्रानेंहि २०२३ सालीं राज्यगीत निवडलें. राजा बढे ह्यांचे शब्द, श्रीनिवास खळे ह्यांची चाल आणि शाहीर साबळे ह्यांचा आवाज असलेलें तें दोन कडव्यांचें गीत १९ फेब्रुवारीपासून, म्हणजे शिवजयंतीपासून, लागू झालें. त्याचा आरंभ नद्यांनीं होतो आणि शेवट दिल्लीच्या तख्ताच्या रक्षणाच्या अभिमानानें. नदी आणि रण एकाच गीतांत बसविण्याचा हा प्रयत्न आहे, आणि रक्षणाचा शब्द त्यांत आला आहे, आक्रमणाचा नव्हे, ही समाधानाची गोष्ट आहे. आमचें म्हणणें येवढेंच कीं, शाळेंत तें शिकवितांना मुलांना तख्ताचा इतिहास जितका आवडीनें सांगितला जातो, तितक्याच आवडीनें त्यांतल्या प्रत्येक नदीचा उगम, तिच्या कांठचीं गांवें आणि तिचें आजचें पाणी हींहि सांगावीं. ज्या नदीचें नांव आपण उभे राहून घेतों, तिच्यांत दुसऱ्या दिवशीं गांवचा कचरा टाकणें हा राष्ट्रगीताचा अपमानच होय. त्यासाठीं कायद्यांत कलम नसलें तरी तो अपमान आहेच. युद्धगीत म्हणणाऱ्यावर बहुधा आयुष्यभर कांहींच करण्याची पाळी येत नाहीं. निसर्गाचें गीत मात्र म्हणणाऱ्याला रोजचें कर्तव्य लावतें, आणि तेंच त्याचें खरें श्रेष्ठत्व.

आरोंदा आणि किरणपाणी ह्यांच्यामध्यें आतां पूल आहे. एके काळीं जेथें दोन राज्यांचे पहारे होते, तेथून आज शाळेंतलीं मुलें, मासळीच्या टोपल्या आणि लग्नाचीं वऱ्हाडें बिनदिक्कत जातात. दोन्ही तीरांवरच्या शाळांतून सकाळीं एकच गीत म्हटलें जातें. त्यांत तेरेखोल नदीचें नांव नाहीं. एवढ्या मोठ्या देशांत तें यावें कसें? पण यमुना आणि गंगा हे शब्द उच्चारतांना ह्या मुलांच्या डोळ्यांसमोर पाणी येत असेल तें त्यांच्या ओळखीचेंच येत असणार: कांदळाच्या मुळांवर चढणाऱ्या भरतीचें, ह्या कांठाचें आणि त्या कांठाचेंहि.